फ्योराची शेवटची वलण

न्यायालय दहा वाजता येणार होतं आणि नऊ वाजले तरी गुडव्हेग आत्या कोठीच्या खोलीचं दार आतून लावून बसली होती.

सोलफ्रिडनं तिसऱ्यांदा दार वाजवलं. "आत्या, ऐकतेस ना?"

"बहिरी झालेली नाही अजून."

"मग बाहेर ये. मला तुझ्याशी बोलायचंय, दाराशी नाही."

बऱ्याच वेळानं आत्या बाहेर आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठ ताठ, चर्चला घालायचा निळा झगा अंगात आणि हात मात्र कोपरापर्यंत मातीचे. सोलफ्रिडनं ते पाहिलं, पण आज विचारायला सवड नव्हती.

"पुन्हा एकदा सांगते," ती म्हणाली. "तुला काही विचारलंच, तर कुरण कोण कापायचं, कधीपासून कापायचं, एवढंच सांगायचं. वलणीचा विषय काढायचा नाही."

"विचारलं तर?"

"विचारलं तर आठवत नाही म्हण."

"मला सगळं आठवतं."

"माहितीये गं. म्हणूनच तर सांगतेय."

आत्यानं नळाखाली हात धरले. "तुझ्या त्या वकिलानं सांगितलं म्हणून दोन वर्षं वलण घातली नाहीस, मी काही बोलले नाही. पण खालच्यांची बादली दोन वर्षं आपल्या फळीवर पडून आहे, रिकामी. येता-जाता मला दिसते ती. माझ्या आईनं जन्मात असं केलं नसतं."

"आत्या, माझी सत्तर मेंढरं चाललीत आणि तुला बादलीचं पडलंय!"

मेंढरांचं ती खोटं बोलत नव्हती. बाक्का या वाडीची दोन घरं, वरचं आणि खालचं. वरच्या घराला उतारच उतार, आणि सपाट म्हणावं असं एकच कुरण, खाली खाडीच्या काठाला, त्याचं नाव फ्योरा. हिवाळ्याचं सगळं गवत तिथलं. फ्योरा गेलं तर ऑक्टोबरात मेंढरं विकायची, आणि मेंढरं गेली की वरच्या घरात राहून सोलफ्रिडनं करायचं काय? सेहेचाळिसाव्या वर्षी शहरात जाऊन दुकानात उभं राहायचं. या विचारानं दोन वर्षं तिच्या डोळ्याला नीट डोळा लागला नव्हता.

घोळ कागदाचा होता. छत्तीस साली तोर्लाइफ आणि आन्डर्स या दोन भावांनी बाक्का वाटून घेतलं, तेव्हा हद्द लिहिली ती अशी, 'मोठ्या अल्डरच्या झाडापासून सरळ समुद्रापर्यंत'. पुढे ते झाड वादळात पडलं, त्याचं सरपण झालं, आणि नेमकं कुठं होतं हे सांगणारं कुणी उरलं नाही. सरकारी मोजणीदारानं आपल्या मनानं रेघ मारली ती वरच्या अंगाला, आणि कागदावर अख्खं फ्योरा खालच्या घराकडे गेलं. त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. तोर्लाइफनं ते कापलं, मग त्याच्या मुलानं कापलं, आता नात सोलफ्रिड कापते. तीन वर्षांपूर्वी खालच्या घरातला आयविन, आन्डर्सचा नातू, आई गेल्यावर गावी परत आला, त्यानं नकाशा उघडला आणि म्हणाला, हे तर आमचं. त्याला तिथं सुट्टीत भाड्यानं द्यायची चार लाकडी घरं बांधायची होती.

आमच्याकडे कायदा सोपा आहे. जमीन आपलीच आहे असं प्रामाणिकपणे समजून वीस वर्षं वहिवाटली, तर ती वहिवाटणाऱ्याची होते. सगळी मेख त्या प्रामाणिकपणात आहे. दुसऱ्याची आहे हे माहीत असून शंभर वर्षं कसली तरी उपयोग नाही. आणि जो जमिनीचं भाडं भरतो, त्याला ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणारच. सोलफ्रिडचा वकील वलणीला घाबरत होता तो यासाठी.

आमच्या पावसाळी खाडीत गवत जमिनीवर वाळत नाही. खांब रोवायचे, तारा ताणायच्या आणि ओलं गवत कपड्यांसारखं त्यावर वाळत घालायचं. तीच वलण. आता सोलफ्रिड यंत्रानं गवताचे पांढऱ्या प्लास्टिकातले गठ्ठे करते. पण फ्योरावरची शेवटची एक वलण ती दरवर्षी हातानं घालायची, आणि ते गवत वाळलं की खालच्या घराला जायचं. तिचे वडील घालायचे, आजोबा घालायचे, म्हणून तीही घालायची. का, ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

---

जमिनीचं न्यायालय आमच्याकडे स्वतः गमबूट घालून बांधावर येतं. तीन माणसं गाडीतून उतरली. न्यायाधीश ओशिल्डबाई, आणि तिच्या दोन्ही बाजूंना शेतकऱ्यांतून निवडलेले दोघं सहन्यायाधीश. त्यातला ऑडलाइव्ह पलीकडच्या खाडीतला, स्वतः गाईगुरंवाला. आयविनचा वकील आधीच आला होता; सोलफ्रिडचा नुसता सल्ल्यापुरता, तो आला नव्हता. त्याच्या नव्या गमबुटांवरची किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली होती आणि ते त्याला सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही.

गुडव्हेग आत्यानं सोबत वॅफल्सचा डबा आणला होता. तो तिनं सरळ न्यायाधीशबाईंपुढे धरला.

"एका पक्षाकडचं खाता येत नाही हो," ओशिल्डबाई अवघडून म्हणाली.

"दोन्ही पक्षांचं असेल तर?" मागून आवाज आला. खालच्या घरातला सिगमुंड, आयविनचा बाप, ऐंशीचा. त्यानं कोटाच्या खिशातून दुकानातल्या बिस्किटांचा पुडा काढला. "घ्या. झाली बरोबरी."

"बाबा!" आयविन दबक्या आवाजात ओरडला.

"काय बाबा? माणसं दीड तास गाडी हाकून आलीयेत."

न्यायालयानं दोन्हीकडचं खाल्लं. वॅफल्स आधी संपली हे सोलफ्रिडनं बघून ठेवलं, उगीचच, आणि तेवढ्यानंही तिला जरा बरं वाटलं.

मग सगळे फ्योराच्या काठानं चालले. अल्डरचं झाड कुठे असेल यावर तासभर गेला. आयविननं एक जागा दाखवली, सोलफ्रिडनं दुसरी. ऑडलाइव्हनं दोन्हीकडे टाच आपटून पाहिली आणि मान हलवली. शेवटी वकिलानं फायलीतून एक कागद काढला.

"हद्द कुठेही असो," तो म्हणाला, "सिगमुंड बाक्का यांचं हे सहीनिशी निवेदन आहे. 'वरच्या घराकडून दरवर्षी शेवटच्या वलणीचं गवत आम्हाला फ्योराचं भाडं म्हणून मिळत असे.' भाडं देणाऱ्याला आपण मालक आहोत असं वाटत नसतं. आमच्या दृष्टीनं विषय इथं संपतो."

सोलफ्रिडनं आत्याकडे पाहून हळूच मान हलवली, नको म्हणून. आत्यानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"बाई, मी बोलू का?" गुडव्हेग न्यायाधीशांना म्हणाली. "माझ्या भाचीनं मला गप्प बसायला सांगितलंय."

"आत्या!"

"तू सांगितलंस ते सांगतेय. खोटं आहे का?" ती पुन्हा न्यायाधीशांकडे वळली. "वलण आम्ही द्यायचो. दरवर्षी. एक्कावन्न सालच्या हिवाळ्यापासून. मी सतरा वर्षांची होते. फेब्रुवारीत वरनं बर्फाचा कडा सुटला आणि खालच्यांचं कोठार उचलून पाण्यात घेऊन गेला. सगळं गवत गेलं. दोन गायी वाचल्या. माझ्या बाबांचं नि आन्डर्सकाकांचं वाटणीपासून बोलणं नव्हतं. बाबांनी गवतानं घसरगाडी भरली आणि खाली नेऊन ठेवली. त्याच उन्हाळ्यात शेवटची वलण त्यांच्यासाठी घातली. झालं."

"ते भाडं होतं?" ओशिल्डबाईनं विचारलं.

"भाडं? कुरण आमचं, गवत आमचं. दुसऱ्याच्या कुरणातलं गवत कापून त्यालाच दान करणारी माणसं नव्हेत आम्ही."

ऑडलाइव्हनं हसू दाबायला खोकून घेतलं.

"पण कोठार तर त्यांनी दोन वर्षांत पुन्हा बांधलं," वकील म्हणाला. "मग पुढची साठ-पासष्ट वर्षं कशासाठी?"

आत्यानं त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थांबवायचं कुणी? जो थांबवेल तो वाईट. तुम्ही शहरात राहता का?"

---

सिगमुंडला ते सगळं ऐकू येत होतं, आणि तो मात्र खाडीकडे बघत उभा होता.

त्या कागदावर त्यानं सही केली होती, हे खरं. आयविननं एका दुपारी विचारलं होतं, बाबा, ते गवत का द्यायचे? तो म्हणाला होता, द्यायचे. म्हणजे भाडं म्हणून? तेव्हा तो गप्प बसला होता. आमच्या खाडीत माणूस गप्प बसला तर त्याचा अर्थ काहीही असू शकतो. पण आयविन पंचवीस वर्षं ऑस्लोत काढून आलेला. त्यानं ते हो म्हणून लिहून घेतलं. आणि बायको गेल्यावर घरी परत आलेला एकुलता एक मुलगा पुन्हा रागावून निघून जाईल, या भीतीनं सिगमुंडनं सही केली होती. भीतीच होती ती, दुसरं काही नाही.

"सिगमुंड," न्यायाधीशबाई म्हणाली, "ही सही तुमची?"

"माझीच."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं, की गवत भाडं म्हणून येतं?"

तेवढ्यात ऑडलाइव्ह पुढे आला, अंगणात गप्पा माराव्यात तशा सुरात म्हणाला, "मला एक सांगा. गवत खाली आलं, कोठारात गेलं. त्यानंतर तुम्ही काय करायचात?"

"बादली पाठवायचो."

"कसली?"

"खारवलेल्या हेरिंग माशांची. निळी बादली आहे आमची. शरदात भरून वर पाठवायची. मग वरच्या घरून ती काही ना काही घालून परत यायची. बटाटे, ब्लूबेरी, ख्रिसमसला मटणाचा तुकडा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. रिकामं भांडं कुणी परत पाठवतं का?"

"नाही पाठवत," ऑडलाइव्ह म्हणाला. "माझ्याही घरी नाही. पण एक कळत नाही मला. माझ्या जमिनीच्या एका तुकड्याचं भाडं शेजारी मला देतो. त्याबद्दल मी त्याला बादलीभर मासे कधी दिलेले नाहीत."

लांब पाण्यावर फेरीबोट भोंगा देऊन गेली.

त्या हिवाळ्यात सिगमुंड तेरा वर्षांचा होता. दारात घसरगाडी उभी होती आणि गाडी आणणारा काका पाठ फिरवून चढावाला लागलाही होता, एक शब्द न बोलता. बाबा उंबऱ्यात उभे होते. बाबांना रडताना त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि नंतर कधीच नाही. हे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"माझे वडील मला म्हणाले होते," तो सावकाश बोलू लागला, "'हे त्यांच्या फ्योराचं गवत आहे, एक काडी वाया घालवू नकोस.' त्यांच्या फ्योराचं, म्हणाले होते. भाडं हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नाही. कागदात तो आहे, आणि कागदावर सही माझी आहे. सही चुकली माझी."

हे बोलल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं, की तिथेच काठावरच्या दगडावर तो बसून राहिला.

---

न्यायाधीशबाईनं अर्ध्या तासाची सुट्टी दिली. वकील फोन घेऊन रस्त्याच्या बाजूला गेला. आयविन बापामागून होडीघराच्या आडोशाला आला.

"दोन वर्षं!" तो म्हणाला. "दोन वर्षं हे पोटात ठेवून बसलास? मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. लिहून आणलंस."

"मी विचारलं होतं."

"उत्तर सोबत घेऊन आलास नि मग विचारलंस."

आयविननं होडीघराच्या फळीवर मूठ मारली. फार जोरात नाही. राग होता, पण राग कशाचा हे त्यालाच धड कळेना. त्या चार घरांचे नकाशे त्यानं किती वेळा काढले होते, खिडक्या कुठे, ओटा कुठे. आणि खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात ते नकाशे उघडावेसेच वाटत नव्हते. दुकानात सोलफ्रिड समोर आली की दोघंही मुद्दाम दुधाच्या फळीकडे बघत उभे राहायचे. लहानपणी याच होडीघराच्या छपरावरून दोघांनी पाण्यात उड्या मारल्या होत्या.

"तू आता जाशील का परत?" सिगमुंडनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

आयविन बघतच राहिला. "यासाठी सही केलीस?"

बाप बोलला नाही. या वेळी मात्र आयविनला त्या गप्प बसण्याचा अर्थ कळला.

"कुठे जातोय मी," तो म्हणाला. "छप्पर कोण शाकारणार तुझं?"

मग तो कुरण ओलांडून सरळ सोलफ्रिडकडे गेला. ती आत्याशेजारी हाताची घडी घालून उभी होती.

"काय?" ती म्हणाली. दोन वर्षांतला हा तिचा त्याच्याशी पहिला शब्द.

"ते पूर्वेचं, पाण्यात घुसलेलं खडकाळ नाक आहे ना, होडीघराच्या पलीकडचं. तिथं तुझं काय उगवतं?"

"दगड."

"मला दे ते. दोन घरं मावतील. फ्योरा तुझं, कागदावर घालू. होडीघर दोघांचं."

याच्यासमोर तर सोलफ्रिडला मुळीच रडायचं नव्हतं. म्हणून तिनं भलतंच विचारलं.

"तुमच्याकडे वीस वर्षं गाय नाही. माझ्या वलणीचं तुम्ही करत काय होतात?"

आयविननं बापाकडे पाहिलं. सिगमुंड मागोमाग आलाच होता. त्यानं टोपी काढली.

"हरणांना घालायचो. हिवाळ्यात. बिचारी खाली उतरतात."

"सिगमुंडकाका! माझे सलगम खाणारी हरणं ती तुम्ही पोसलेली?"

"सांगितलं नाही कधी, आपण दिलेलं फुकट गेलं असं तुला वाटू नये म्हणून..."

पहिल्यांदा हसली ती गुडव्हेग आत्या. मग सोलफ्रिडला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडलीच, सगळ्यांसमोर, आयविनसमोरसुद्धा. त्यानं खिशात रुमाल शोधला, तो नव्हता, म्हणून आपली टोपी पुढे केली.

"ठेव ती," ती नाक ओढत म्हणाली. "मासळीचा वास येतो तिला."

---

तडजोडीचा कागद गाडीच्या बॉनेटवर लिहिला गेला. फ्योरा वरच्या घराला, नाक खालच्या घराला, होडीघर सामाईक, आणि हद्दीला झाडाऐवजी दगड, तोही पुढच्या महिन्यात रोवायचा. ओशिल्डबाईनं एकेक ओळ मोठ्यानं वाचली. शेवटी तिनं पेन थांबवलं.

"आणि ती वलण? तिचं काय लिहू? चालू, की बंद?"

"ते लिहायचं नाही," गुडव्हेग आणि सिगमुंड एकदमच म्हणाले.

ऑडलाइव्हनं मान डोलावली. न्यायाधीशबाईनं सह्या घेतल्या.

गाड्या निघाल्यावर आत्यानं सोलफ्रिडच्या गाडीची मागची डिकी उघडायला लावली. आत निळी बादली होती, नव्या बटाट्यांनी शिगोशीग भरलेली. सकाळी दार लावून तिचं काय चाललं होतं ते सोलफ्रिडला आता कळलं.

"खटला हरलो असतो तरी?" तिनं विचारलं.

"बादलीचा नि खटल्याचा काय संबंध?" आत्या म्हणाली, आणि बादली तिनं स्वतः सिगमुंडच्या हातात दिली. "उशीर झाला रे. दोन वर्षं."

"मेलो नाही अजून," सिगमुंड म्हणाला आणि बटाटे हातात घेऊन बघत राहिला.

त्या रात्री सोलफ्रिड झोपली ती सकाळी सातपर्यंत. मेंढरं ओरडत होती तरी तिला जाग आली नाही.

आठवड्यानं ऊन पडलं. फ्योरा कापून झालं, प्लास्टिकातले गठ्ठे रांगेनं लागले. मग सोलफ्रिडनं होडीघरातून जुने खांब काढले आणि एक वलण घालायला घेतली. तारा ताणायला दुसरा हात लागतो. वडील गेल्यापासून ती दगडाला तार बांधून एकटीनंच ओढायची. तार हातात घेऊन ती वळली, तर दुसरं टोक आयविनच्या हातात होतं. पायाशी निळी बादली.

"बाबांनी पाठवलंय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे, मीच पकडलेत. पहाटे. बाबा म्हणाले हेरिंगला वेळ आहे, बांगडे चालतील."

बादलीत दहा-बारा बांगडे होते, ओले, चकचकीत.

"साफ केलेले नाहीत," सोलफ्रिड म्हणाली.

"मला येत नाही."

"ऑस्लोत पंचवीस वर्षं काय केलंस रे? ओढ तार. सैल सोडू नकोस."

दुपारपर्यंत वलण भरली. हरणांसाठी, असं दोघांनीही तोंडानं म्हटलं नाही. घरी येऊन तिनं मासे कापले, आत्यानं तव्यावर टाकले. मग सोलफ्रिडनं बादली घासली, गरम पाण्यानं विसळली आणि फळीवर ठेवताना ती पालथी घातली नाही. सरळ ठेवली, भरायला.